बिटकीचं हसू

"मी आलेय हे शैलेंद्रला सांगू नकोस," कल्पनावहिनी म्हणाल्या.

आमचा स्टुडिओ कर्वेनगरात एका फर्निचरच्या दुकानाच्या वर होता. वॉचमन वर येऊन "मॅडम, खाली एक बाई बोलावतायत" म्हणाला, तेव्हा मला वाटलं कुरिअर असेल. खाली येऊन बघते तर दुकानाबाहेर मांडलेल्या, प्लॅस्टिकही न काढलेल्या सोफ्याशेजारी वहिनी उभ्या. मार्चचं ऊन तापलेलं. खांद्याला शाळेची पिशवी, तिच्यातून पिवळ्या क्राफ्ट पेपरची गुंडाळी वर आलेली.

"वर चला ना वहिनी. चहा घेऊ."

"नको. एकच विचारायचंय. बिटकीचं हसणं बदलता येईल का?"

मी वर स्टुडिओच्या खिडकीकडे बघितलं.

"येईल की नाही एवढंच सांग. येत नसेल तर मी पुन्हा विचारायची नाही."

"शैलेंद्रशी बोललात का तुम्ही?"

"त्याच्याशी बोलता आलं असतं तर तुझ्याकडे आले असते का?"

असं म्हणून त्या थोडं हसल्यासारखं करून थांबल्या. मग पिशवी सावरली आणि "बघ तू. घाई नाही," म्हणून रस्ता ओलांडून बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. घाई नाही म्हणाल्या खऱ्या. पण बस येईपर्यंत त्या सारख्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी त्या स्टुडिओत प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर होते. फलटणला घरी कुणाला हे कधी समजलं नाही. आत्या विचारायची, "म्हणजे तू कार्टून काढतेस?" मी म्हणायचे, नाही. "मग आवाज देतेस?" नाही. "मग करतेस तरी काय?" मी सांगायचे, "काढणाऱ्यांच्या मागे लागते." खरंच तेच काम. कुणाचं काय अडलंय, कशामुळे अडलंय, कुणाला कुणाशी बोलायला लावलं की सुटेल, हे बघायचं. मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही. पण चित्रं काढणारी तीस माणसं एका दिशेने चालवायची, तर न काढणारी चार-पाच लागतात. त्यांतली मी एक. शैलेंद्र वाघचौरे, वहिनींचा नवरा, दुसरा. तो स्टुडिओची सगळी कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळायचा. मागच्या थंड खोलीत मोठी मशीन्स होती, त्यांच्यावर आमचं सगळं काम साठवलेलं असे. बाहेर पुणं भाजून निघत असलं तरी शैलेंद्र तिथे स्वेटर घालून बसलेला. तिसरे दिगूकाका. पन्नाशी ओलांडलेले, आवाज रेकॉर्ड करायचे. यांतल्या कुणालाच पेन्सिल धरता येत नव्हती, म्हणून जेवायला आम्ही एकत्र बसायचो.

त्या वर्षी आम्ही लहान मुलांसाठी एक मालिका करत होतो. जंगलातलं एक शेकराचं कुटुंब, आणि त्यांचं पिल्लू बिटकी. बिटकी अजून बोलत नाही. ती फक्त बघते, रुसते आणि हसते. आधी आम्ही एका बाईंकडून ते हसू करून घेतलं होतं. त्या अशा कामात मुरलेल्या होत्या. पण रेकॉर्डिंग ऐकून दिगूकाकांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"हेमांगी, हे मोठ्या माणसाचं हसू आहे. लहान मूल असं हसत नाही. त्याला हसण्याचं कारण ठाऊक नसतं."

"मग?"

"खरं मूल आण."

जेवणाच्या टेबलावर शैलेंद्र म्हणाला, "आमची जुई आणू का? ती कशालाही हसते. प्रेशर कुकरच्या शिट्टीलासुद्धा."

जानेवारीतला शनिवार होता. कल्पनावहिनी बालवाडीत शिकवायच्या, त्यांना शनिवारी सुट्टी. जुईला स्वेटर, टोपी, मोजे असं सगळं घालून आणलेलं. दीड वर्षाची पोर त्यात चेंडूसारखी दिसत होती. काकांच्या खोलीत गेल्याबरोबर तिने माइकचा फोम चावला. नंतर मात्र ती भिंतीकडे बघत बसली. हसेचना. शैलेंद्रने कुकरची शिट्टी करून बघितली, मी टाळ्या वाजवल्या. काहीही नाही. शेवटी वहिनी आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही सगळे बाहेर जा बघू."

काचेपलीकडून आम्ही बघत होतो. वहिनींनी ओढणी तोंडावर घेतली, मग बाजूला केली. जुई खांदे वर घेऊन एक क्षण थांबली आणि हसत सुटली. काका माइकवरून म्हणाले, "छान! तुमचा आवाज आला तरी चालेल, तो मी नंतर कापून टाकतो. फक्त तिच्या हसण्यावर बोलू नका." वहिनींनी मान डोलावली आणि पुन्हा ओढणी घेतली.

ते हसू एवढं सुरेख आलं की मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यातच ते घ्यायचं ठरलं. बिटकीची आई आपली झुबकेदार शेपटी तोंडावर घेते, "बुऽऽवा... कुक!" करून बाजूला करते, आणि बिटकी हसते. प्रत्येक भागाची सुरुवात अशी. चित्रं काढणाऱ्यांनी जुईचं हसू पुन्हा पुन्हा ऐकून त्याबरहुकूम बिटकीचं तोंड उघडलं.

गणपती झाले आणि जुईला ताप आला. डेंग्यू निघाला. आधी वारज्यातल्या डॉक्टरांकडे, मग मोठ्या हॉस्पिटलात. आम्ही रक्त द्यायला रांगेत उभे होतो. शैलेंद्र बाहेर येऊन म्हणाला, "प्लेटलेट्स वाढल्यात जराशा." आम्ही चहा प्यायला गेलो. संध्याकाळच्या आत ती गेली होती.

मालिका दिवाळीच्या सुट्टीत लागणार होती आणि सगळं तयार होतं. आमचे मालक निमकर सर शैलेंद्रला आपल्या केबिनमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, तू म्हणशील तर तो आवाज काढून टाकू, चॅनेलला मी काय ते सांगतो. शैलेंद्र म्हणाला, "ठेवा सर. राहू दे." सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाप म्हणतोय म्हणजे आईचंही तेच म्हणणं असणार, असं सगळ्यांनी धरलं.

मालिका चालली. फारच चालली. फुगेवाल्यांकडे बिटकीचे फुगे आले.

आणि आता मार्चमध्ये वहिनी त्या सोफ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी आधी निमकर सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे भाग पुन्हा दाखवायचेत. त्याआधी हसू बदलायचं म्हणजे प्रत्येक भागाचा आवाज परत बांधायला लागेल."

"होईल का सर?"

"तू मागे लागलीस तर होईल. चॅनेलचं मी बघतो." मग म्हणाले, "पण शैलेंद्र हो म्हणाला पाहिजे. मुलगी दोघांची आहे."

'आहे' म्हणाले. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

शैलेंद्रच्या खोलीत गेले तेव्हा जेवणाची सुट्टी होती. डबा उघडला नव्हता. स्वेटर, कानावर हेडफोन, डोळे मिटलेले. मशीनच्या घरघरीत माझी चाहूल त्याला लागली नाही. मी खांद्याला हात लावल्यावर दचकला आणि हेडफोन काढले.

"काय अडलंय?" त्याने नेहमीसारखं विचारलं.

"अडलेलं नाही काही. शैलेंद्र, बिटकीचं हसू बदलावं असं म्हणतोय."

"कोण म्हणतंय? चॅनेल?"

"नाही."

"मग सर?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "वहिनी आल्या होत्या."

"इथे?" तो उभाच राहिला. "कल्पना इथे आली होती? आणि मला न भेटता गेली?"

 तो परत बसला, डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"तिला सांग, नाही म्हणाला."

"तू सांग ना. घरी जाशीलच की."

"आम्ही बोलत नाही गं. भांडण नाही काही. गॅस संपलाय, लाइटचं बिल आलंय, एवढं बोलतो. ती वाढते, मी जेवतो. मी इथे बरा असतो, ती शाळेत बरी असते. घरी गेलो की दोघांनाही काय करायचं ते कळत नाही."

"मग तिने काही मागितलंय तर..."

"हेमांगी, ऐक." तो खुर्ची ओढून पुढे सरकला. "फोटो आहेत आमच्याकडे. पण फोटोत ती गप्प आहे. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ आहेत, त्यात पंख्याचीच खरखर जास्त. नीट आवाज एवढाच आहे. तो मी इथे ऐकू शकतो, मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. पण एकट्याने ऐकलं की मला वाटायला लागतं, मला भास होतायत. टीव्हीवर लागतं ना, तेव्हा आख्खी बिल्डिंग ऐकते. खालच्या मजल्यावरची पोरं ऐकतात. म्हणजे ती होती."

त्याने हेडफोन परत कानावर चढवले. मी बाहेर आले. 

माझ्या कामात 'नाही' हा शब्द रोजचा असतो. कुणी नाही म्हणालं की का नाही, ते शोधायचं आणि त्यातून वाट काढायची. इथे दोघांचीही कारणं मला पटत होती. नाही, एकाचं पटत होतं. वहिनींचं कारण मला माहीतच नव्हतं. सहन होत नसेल, एवढंच मी धरलं होतं.

दिगूकाकांशी बोलले. ते म्हणाले, "दोघांना माझ्या खोलीत घेऊन ये. रविवारी सकाळी. तिथे बाहेरचं काही आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. बोलायला बरी जागा आहे."

"येतील?"

"ते तुझं काम."

शैलेंद्रला मी म्हटलं, नाही म्हणायचं तर तिच्या तोंडावर म्हण, माझ्यामार्फत नको. वहिनींना म्हटलं, तुम्हाला काय होतं ते मला सांगू नका, त्याला सांगा. दोघांनीही आढेवेढे घेतले. दोघंही आली. एकाच स्कूटरवरून आली आणि जिना चढताना मध्ये चार पायऱ्यांचं अंतर ठेवून आली.

काकांनी दोघांना खुर्च्या दिल्या. मी जायला निघाले तर वहिनी म्हणाल्या, "तू थांब." म्हणून मी दाराला टेकून उभी राहिले.

 त्या खोलीत शांतता फार दाट असते; आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. शेवटी शैलेंद्र म्हणाला, "तुला त्रास होतो तर बंद कर ना टीव्ही. चार वाजता लावतं कोण? मी तर ऑफिसात असतो."

"माझ्या वर्गात बावीस मुलं आहेत," वहिनी म्हणाल्या. "डबा खाताना करतात, रांगेत करतात. एखादं मूल रुमाल तोंडावर घेतं, बाकीची तसंच हसतात. अगदी तसंच. आधी श्वास घेतात, मग हसतात. त्यांना काय सांगू? हसू नका म्हणू?"

"मग तेच म्हणतोय मी. किती मुलं हसतात तिच्यासारखी. ती..."

"काका," वहिनी मध्येच म्हणाल्या, "टीव्हीवर लागतं ते लावा एकदा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी सुरुवातीचं गाणं लावलं. समोरच्या पडद्यावर हिरवं जंगल आलं, फांदी आली, घरटं आलं. शेकराच्या आईने शेपटी तोंडावर घेतली. तो आवाज एका नाटकातल्या नटीचा होता, लाडिक, गोड. "बुऽऽवा... कुक!" आणि जुई हसली.

वहिनींनी हात वर केला. काकांनी थांबवलं. पडद्यावर बिटकी तोंड उघडून तशीच राहिली.

"शैलेंद्र, ती कुणाला हसतेय?"

"कुणाला म्हणजे?"

"सांग ना. कुणाला हसतेय?"

"आईला. बिटकीच्या..."

"मी तिची आई," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ओढणी मी घेतली होती. कुक मी म्हटलं होतं. ती मला हसली होती. माझा आवाज कापला तेव्हा काही वाटलं नाही, कापायचा होताच. पण आता रोज दुपारी चार वाजता माझी मुलगी त्या शेपटीवाल्या बाईला हसते. दुसऱ्या कुणाच्या तरी 'कुक'ला हसते, आणि इतकी खूश असते, इतकी खूश असते की..."  जरा थांबून म्हणाल्या, "ती गेली ते मी कसंबसं सोसते. पण ती दुसरीकडे कुठे तरी आहे आणि तिथे तिला मी नकोय, असं रोज बघायला मला नाही जमत."

काका खाली मान घालून बसले होते. शैलेंद्र पडद्याकडे बघत होता. मला वाटलं, आता तो उठून जाईल. पण तो वहिनींकडे न बघताच म्हणाला, "काका, मूळचं लावा."

"नको," वहिनी म्हणाल्या.

"एकदा. माझ्यासाठी."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुन्हा नको म्हटलं नाही. काकांनी पडदा बंद केला. नुसता आवाज.

आधी कपड्यांची सळसळ. मग काकांचा आवाज, "फक्त तिच्या हसण्यावर बोलू नका." मग वहिनी. पण या समोर बसलेल्या वहिनी नव्हेत. "बरं काका, नाही बोलत! जुईऽ, आई कुठे गेली? आई कुठे गेली बाई? गेली वाटतं भाजी आणायला. मेथी आणायला गेली... बुऽऽवा कुक!" जुईचं हसू. त्या हसण्याच्या शेवटी वहिनींचंही हसू, आवरता न आलेलं. "अगंबाई, सॉरी सॉरी काका, मलाच हसू येतंय. परत करू? आई कुठे गेली? जुई, बघ बरं, आई कुठे गेली?"

शैलेंद्रने हात केला. काकांनी बंद केलं.

"मी हे ऐकतो," तो म्हणाला. "खोलीत बसून टीव्हीवरचं नाही, हे ऐकतो. तुला वाटत असेल तिच्यासाठी ऐकतो. तिच्यासाठी तर ऐकतोच." त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तू अशी बोलायचीस, कल्पना. मेथी आणायला गेली म्हणायचीस. घरात आता कुणी असं बोलत नाही."

वहिनींनी पदराने तोंड झाकून घेतलं आणि ते झाकलेलंच ठेवलं. खांदे हलत होते. शैलेंद्र उठला नाही. त्याने त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर फक्त हात ठेवला; त्यांच्या हाताच्या जवळ, पण हातावर नाही.

बऱ्याच वेळाने तो मला म्हणाला, "बदल, हेमांगी. टीव्हीवरचं बदल."

खिडकीतून मी त्यांना जाताना बघितलं. त्याने स्कूटर सुरू केली. त्या जराशा उभ्या राहिल्या, मग मागे बसल्या. पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली.

हसू बदलणं सोपं नव्हतं. बिटकीचं तोंड जुईच्या हसण्याबरहुकूम उघडत होतं. आता तसंच हसणारं मूल हवं होतं. कितीतरी मुलं आली. कुणी रडलं, कुणी झोपलं, एकाचं हसू छान पण फारच लांब. शेवटी काकांच्या भाचीचा ओजस बसला. त्याच्या आईने ओढणी घेतली तेव्हा काका सवयीने माइकवर म्हणाले, "फक्त त्याच्या हसण्यावर..." आणि थांबले. हेडफोन काढून त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बोला हो, काय बोलायचं ते बोला. मी बघतो नंतर."

सगळे भाग परत बांधून झाले. नवीन आवाज जुन्याच्या जागी चढवायचं काम शैलेंद्रचं होतं. सर म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. तो म्हणाला, नको, मीच करतो. मला शेजारी बसवून घेतलं. एकेक भाग चढवत गेला. त्याचा चेहरा रोजच्यासारखाच होता. शेवटचा झाल्यावर त्याने स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर घातला आणि पाणी प्यायला गेला. मूळ रेकॉर्डिंगचं त्याने काय केलं, ते मी विचारलं नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. तो स्टुडिओही राहिला नाही. दिगूकाका गेले. मी अजून याच कामात आहे, दुसऱ्या शहरात. नवीन आलेल्या पोरांना ही हकिकत कधीतरी सांगते, तेव्हा हटकून कुणी तरी विचारतं, ती दोघं एकत्र राहिली का? राहिली. शैलेंद्रने पुढे पुणं सोडलं, दोघं सांगलीला त्याच्या भावाजवळ गेली. दुसरं मूल झालं नाही. वहिनींनी तिकडेही बालवाडीच घेतली. एवढं मला माहीत आहे. एकमेकांशी कसं आणि किती बोलत असतील, ते मला माहीत नाही.

मला माहीत आहे तो एप्रिलमधला एक दिवस. सुट्टी लागली होती आणि बिटकीचे भाग पुन्हा सुरू होणार होते. शैलेंद्रने त्या दिवशी रजा घेतली होती. सकाळी त्याचा फोन आला. "दुपारी घरी येशील? आम्हाला दोघांनाच बघायला... ये तू."

वारज्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट. खिडकीला ओला पडदा लावलेला. वहिनींनी पन्हं दिलं. वेलदोडा जरा जास्तच पडला होता. टीव्हीसमोर दोन खुर्च्या आणि दिवाण. शैलेंद्र एका खुर्चीवर अवघडून बसला होता, परक्याच्या घरी बसावं तसा. वहिनी दिवाणावर माझ्याशेजारी बसल्या.

जाहिराती संपल्या. जंगल आलं. फांदी. घरटं. खालच्या मजल्यावरूनही तेच गाणं ऐकू येत होतं, जरासं मागून. शेकराच्या आईने शेपटी तोंडावर घेतली. मी पन्ह्याचा पेला घट्ट धरला.

"बुऽऽवा... कुक!"

बिटकी हसली. तोंड तसंच उघडलं, डोळे तसेच मिटले. हसू गोड होतं, मोकळं होतं, अगदी लहान मुलाचं होतं. खालची पोरं त्याबरोबर हसली. त्यांना काही फरक कळला नाही.

शैलेंद्र पुढे झुकून ऐकत होता. गाणं संपलं तरी तसाच झुकून राहिला, अजून काही यायचं राहिलं असावं तसा.

"गेली," तो म्हणाला.

आम्हाला उद्देशून नाही. कुणालाच उद्देशून नाही. मग त्याने दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि रडायला लागला. हॉस्पिटलात, स्मशानात, नंतरच्या सगळ्या महिन्यांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. वहिनी उठल्या, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मी टीव्हीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. पडद्यावर पिल्लू पानावरून घसरत होतं आणि हसत होतं.

तो शांत व्हायला वेळ लागला. वहिनी तशाच उभ्या होत्या. मग पडद्याकडे बघत त्यांनी मला विचारलं,

"कुणाचं बाळ आहे गं हे?"

"काकांच्या भाचीचं. ओजस नाव."

"केवढा आहे?"

"दीडेक वर्षाचा."

"बरा आहे ना तो? खातो-पितो नीट?"

"हो वहिनी. आता चालायला लागलाय. हाताला लागेल ते ओढतो."

त्यांनी मान हलवली. शैलेंद्रने डोळे पुसून रिमोटकडे हात नेला. वहिनींनी तो हात मध्येच धरला.

"बंद नको करू," त्या म्हणाल्या. "हसू दे त्याला."